क्षयाचे निदान, जोडलेली यंत्रे आणि रोग्याचे नाव

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



संस्थेच्या चिटणीसांनी मला बोलावणे धाडले तेव्हा मी त्यांना स्पष्टच सांगितले की, मी वक्ता नव्हे. माझे आयुष्य प्रयोगशाळेत गेले. काचपट्टीवर बेडका पसरावा, तो रंगवावा, सूक्ष्मदर्शकाखाली धरावा आणि जे दिसेल ते नोंदवहीत लिहावे, हा माझा तीस-बत्तीस वर्षांचा धंदा. चिटणीससाहेब म्हणाले, "जे रोज केले तेच सांगा. आमच्या मुलामुलींपैकी पुष्कळजण आता या लाइनीत जात आहेत." तेव्हा मला नाही म्हणता आले नाही. विषय त्यांनी दिला तो असा : 'आरोग्यसेवेतील आधुनिक यंत्रे'. विषय फार मोठा आहे. मी त्याचा एकच कोपरा घेणार आहे. रोगाची तपासणी करणारी जी यंत्रे आता इंटरनेटने एकमेकांशी आणि दिल्ली-मुंबईशी जोडली गेली आहेत, ती आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या दवाखान्यांत आली तेव्हा काय झाले, एवढेच मी सांगणार आहे. उदाहरण मुख्यतः क्षयाचे घेईन, कारण मला तोच रोग ठाऊक आहे.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने शोधून काढला आणि २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनच्या सभेत तो जाहीर केला. तेव्हापासून शंभर-सव्वाशे वर्षे जगभर या रोगाचे निदान जवळजवळ एकाच रीतीने होत आले. बेडका रंगवायचा आणि डोळ्यांनी पाहायचा. एक काचपट्टी निगेटिव्ह म्हणण्याआधी शंभर जागा पाहाव्या लागत. दुपारनंतर डोळे दुखू लागत. शिवाय एक मिलिलीटर बेडक्यात पाच ते दहा हजार जंतू असतील तेव्हा कोठे एखादा आपल्या नजरेस पडायचा. त्याहून कमी असले म्हणजे रोगी "निल" म्हणून घरी जायचा आणि घरादाराला खोकत राहायचा. जंतू वाढवून पाहण्याची दुसरी पद्धत होती, पण तिला सहा-सहा, आठ-आठ आठवडे लागत. रोग्याला औषध लागू पडते की नाही, हे कळेपर्यंत कित्येकदा रोगी हाताबाहेर जाई.

मग ही नवी यंत्रे आली. आपल्याकडे ज्याला सीबीनॅट म्हणतात त्या जीनएक्सपर्ट यंत्रास जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एकदम पाचशे यंत्रे देशभर धाडली. बेडका औषधात मिसळून एका डबीत, म्हणजे कार्ट्रिजमध्ये, टाकायचा, डबी यंत्रात ठेवायची आणि दोन तासांत उत्तर घ्यायचे. जंतू आहे की नाही हे तर ते सांगतेच, पण रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला तो जुमानतो की नाही, हेही त्याच वेळी सांगते. मिलिलीटरमागे शे-दीडशे जंतू असले तरी त्याला पुरतात. पाठोपाठ ट्रूनॅट आले. ते तर आपल्या शेजारच्या गोव्यात मोलबायो कंपनीने तयार केलेले. ते बॅटरीवर चालते, आकाराने लहान, तासाभरात उत्तर देते, आणि त्यात सिमकार्ड घालून निकाल परस्पर पाठविण्याची सोयही आहे. त्यास २०२० मध्ये जागतिक मान्यता मिळाली. हे यंत्र मी पहिल्यांदा हाताळले त्या दिवशी, खरे सांगतो, माझ्या जुन्या सूक्ष्मदर्शकाकडे पाहून मला थोडे वाईट वाटले.

इकडे नोंदणीची व्यवस्थाही बदलली. मे २०१२ मध्ये क्षयाचा प्रत्येक रोगी सरकारला कळविणे बंधनकारक झाले, खासगी डॉक्टरांनासुद्धा. त्याच वर्षी 'निक्षय' नावाचे पोर्टल सुरू झाले. प्रत्येक रोग्याला तेथे एक क्रमांक मिळतो. तपासणी, औषधे, पुढच्या तारखा, बँकेचे खाते, सारे त्या क्रमांकाखाली. यंत्राने निदान करावे, निदान पोर्टलवर जावे, पोर्टलवरून ते रोग्याच्या गावच्या कर्मचाऱ्याला दिसावे आणि त्याने त्याच दिवशी औषध घेऊन रोग्याचे दार ठोठवावे, अशी ही कल्पना. ती उत्तम आहे. तिच्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. पण कल्पना दिल्लीत सुचते आणि ती राबवावी लागते साक्रीत आणि चोपड्यात.

पहिली अडचण आपल्या उन्हाळ्याची. जीनएक्सपर्ट यंत्राला पंधरा ते तीस अंशांच्या आत ठेवावे लागते. त्याच्या डब्या अठ्ठावीस अंशांच्या वर जाऊ द्यायच्या नाहीत. आता भुसावळ-जळगावचा मे महिना आपण सारे जाणता. पंचेचाळीस अंश ही आपल्याला बातमी वाटत नाही. म्हणजे यंत्रासाठी एअर कंडिशनर आला, त्याच्यासाठी चोवीस तास लाइट आली, लाइट जाते म्हणून इन्व्हर्टर आला, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालणारा माणूस आला. एक केंद्र मला ठाऊक आहे, तेथे सगळ्या इमारतीत थंड खोली एकच, यंत्राची. दुपारी रोगी, नर्सबाई आणि शिपाई सारे त्या दाराशी घुटमळत. मी त्यांना हाकलत नसे. ट्रूनॅटने ही कटकट पुष्कळ कमी केली, हे मान्य केले पाहिजे.

दुसरी अडचण बेडक्याची. यंत्र कितीही हुशार असले तरी त्याला बेडका हवा, लाळ नव्हे. सकाळी उठल्यावर, चूळ भरून, छातीतून खोकून काढलेला. आमच्याकडे बायका-मुली येत, हातात प्लास्टिकची डबी दिली की लाजेने कोपऱ्यात जात आणि दोन थेंब थुंकून आणत. चारचौघांत खोकून बेडका काढणे कोणत्या घरच्या लेकीला जमेल? त्यासाठी उघड्यावर, पण आडोशाची जागा लागते. पुष्कळ केंद्रांत लाखांची यंत्रे आली, पण हा आडोसा झाला नाही. एक पत्रा आणि दोन बांबू, एवढीच गोष्ट आहे.

आणि एक सांगून ठेवतो. काही नातेवाईक औषधे संपत आली की "त्याच मोठ्या मशीनवर परत करा" असा हट्ट धरतात. ते यंत्र मेलेल्या जंतूचाही अंश पकडते. म्हणून बऱ्या होत आलेल्या रोग्याची प्रगती पाहायला आपला जुना सूक्ष्मदर्शकच वापरतात. त्याला अजून काम आहे, याचा मला आनंद आहे.

आता मी ज्यासाठी उभा राहिलो त्या गोष्टीकडे येतो. ती गोष्ट म्हणजे रोग्याचे नाव.

आपणांस वाटेल, नाव लिहिण्यात अडचण ती काय? बंधूंनो, जोडलेल्या यंत्राच्या सगळ्या साखळीत मी सर्वांत जास्त घाम त्या एका ओळीवर गाळला आहे. पोर्टलच्या फॉर्मवर दोन चौकटी असतात, नाव आणि आडनाव. आपल्या खानदेशात आपल्या समाजात नाव कसे सांगतात? समजा, एक गृहस्थ आले आणि म्हणाले, शेख सलीम शेख गणी. आता यात नाव कोणते आणि आडनाव कोणते? एका केंद्रावरचा मुलगा 'शेख' पहिल्या चौकटीत टाकतो आणि 'गणी' दुसऱ्या चौकटीत. दुसऱ्या केंद्रावरची मुलगी 'सलीम' पहिल्या चौकटीत आणि 'शेख' दुसऱ्या चौकटीत टाकते. झाले, एकाच माणसाचे दोन रोगी झाले. त्यात ते रोमन लिपीत लिहायचे. 'शेख' कोणी एस-एच-ई-आय-के-एच लिहितो, कोणी एस-एच-ए-आय-के-एच लिहितो, आणि घाईत असला की नुसते एस-के. मोहम्मदचे तर विचारूच नका. आधार कार्डावर पूर्ण, रेशन कार्डावर 'मो.', बँकेत एम-डी. बायकांच्या नावापुढे कोठे 'बी' लागते, कोठे 'बाई', कोठे 'बानो', कोठे काहीच नाही. यावल, रावेर, चोपड्याकडचे आपले तडवी बांधव कधी 'तडवी' आधी सांगतात, कधी शेवटी. माणूस एकच असतो. संगणकाला मात्र तो तीन ठिकाणी तीन दिसतो, आणि कधी तीन निरनिराळी माणसे त्याला एक दिसतात.

माझ्याच हातून घडता घडता राहिलेली गोष्ट सांगतो. एका दिवशी एकाच नावाच्या दोन बाया आल्या. वयात दोन वर्षांचे अंतर, नवऱ्यांची नावेही जवळजवळ सारखी. दोघींच्या डब्या मी एकामागून एक लावल्या. एकीचा निकाल साधा क्षय आला, दुसरीचा औषधाला न जुमानणारा. पोर्टलवर भरताना शोधपट्टीत नाव टाकले, पहिले जे आले त्यावर बोट ठेवले आणि निकाल चढविणार, इतक्यात गावाचे नाव दिसले. ते दुसरीचे होते. त्या क्षणी बोट थांबले नसते तर एका बाईला महिनोन् महिने नको ती कडक औषधे गेली असती, आणि जिला ती हवी होती तिला साध्या गोळ्या. कागदी नोंदवहीत अशी चूक झाली तर ती एका पानापुरती राहते. जोडलेल्या यंत्रात ती त्याच मिनिटाला जिल्ह्याला, राज्याला, औषधभांडाराला जाते आणि सगळीकडे खरी ठरते. त्यानंतर मी डबीवर नावाबरोबर वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, गाव आणि मोहल्ला लिहिल्याशिवाय डबी घेतली नाही. सहकारी हसत. "चाचा, ही काय टपालाची पार्सले आहेत का?" म्हणत. असोत.

नावाची ही गफलत पैशापर्यंत जाते. एप्रिल २०१८ पासून सरकार क्षयरोग्याला आहारासाठी दरमहा पाचशे रुपये थेट खात्यात देऊ लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले. गरीब घरात या पैशांची अंडी आणि डाळ येते. परंतु पोर्टलवरचे नाव एक, आधारवरचे दुसरे, बँकेतले तिसरे असले की रक्कम अडकते. मग हातावर पोट असलेला माणूस रोजी बुडवून बँकेत जातो, बँक त्याला दवाखान्यात धाडते, दवाखाना तहसीलला. दोन-तीन खेपांनंतर तो पैसे सोडतो. पैशांबरोबर कधी कधी औषधही सोडतो, आणि मला भीती त्याची वाटते.

नावानंतर मोबाईलचा नंबर. येथे मी जरा थांबणार आहे.

धुळ्याच्या यंत्रमागाच्या वस्तीतली एक मुलगी होती. वय एकोणीस-वीस. घर दोन खोल्यांचे, बाजूच्या खोलीत मागांचा खडखडाट, कापसाची बारीक भुकटी सगळीकडे. तिला दोन महिन्यांचा खोकला होता. मोहल्ल्यातल्या एका डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि तिची खाला तिला घेऊन आली. डबी लावली, निकाल त्याच दिवशी संध्याकाळी निघाला. क्षय निश्चित. मी तो पोर्टलवर चढविला आणि घरी गेलो. माझ्या लेखी काम पूर्ण झाले होते. पूर्वी अशा निकालाला आठ-आठ दिवस लागत, येथे सहा तासांत झाले, याचा मला अभिमानसुद्धा वाटला असेल.

त्या मुलीला सहा आठवडे औषध मिळाले नाही. पोर्टलवरचा नंबर लावला की तो भलत्याच माणसाकडे, दुसऱ्याच तालुक्यात लागे. पत्त्यात नुसते मोहल्ल्याचे नाव, आणि त्या मोहल्ल्यात त्या नावाच्या सहा मुली. कागदावर ती "संपर्क होत नाही" अशी राहिली. शेवटी आशाताई दुसऱ्याच एका कामासाठी घरोघर फिरत होत्या, त्यांनी खोकला ऐकला आणि आत गेल्या. तोवर घरातले तीन वर्षांचे मूल, तिच्या भावाचे, तापाने खंगले होते. त्यालाही क्षय निघाला.

पुढे तिची खाला मला भेटली तेव्हा मी जरा चिडूनच विचारले, "खाला, नंबर नीट सांगता आला नाही का?" ती माऊली खाली पाहत म्हणाली, "साहेब, नंबर मला पाठ होता. शेवटचा आकडा मीच बदलून सांगितला. घरात फोन एकच, तो तिच्या भावाच्या खिशात. मंगनी झालेली. टी.बी.चा मेसेज त्याच्या फोनवर आला असता तर गोष्ट सासरपर्यंत गेली असती. मला वाटले, मी दोन दिवसांनी येऊन गुपचूप विचारून जाईन. मग घरात आजारपण निघाले, मला येता आले नाही."

तीस वर्षांच्या नोकरीत मी चुकीच्या नंबराबद्दल किती जणांना फैलावर घेतले असेल त्याची गणती नाही. मी ती कारकुनाची चूक धरली, रोग्याचे अज्ञान धरले. त्या दिवसापासून मला कळले की, यांतले पुष्कळ नंबर भीतीने चुकलेले असतात. फोन ही आपल्या वस्त्यांत एका माणसाची वस्तू नाही, ती घराची वस्तू आहे. त्यावर आलेला निकाल पहिल्यांदा कोण वाचील, हे ज्याने ही व्यवस्था बांधली त्याच्या ध्यानात आले नसावे. त्याच्या घरी प्रत्येकाजवळ स्वतंत्र फोन असेल.

त्या मुलीने सहा महिने औषध घेतले आणि ती बरी झाली. मूलही बरे झाले. तिचे लग्न ठरल्या घरी झाले की नाही, ते मी विचारले नाही.

ही भीती खोटी होती काय? २०२० साल आठवा. करोनाच्या सुरुवातीला आपल्याकडचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेपर्यंत जात आणि आपण वाट पाहत बसत असू. मग धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासणी सुरू झाली, पुढे जळगावलाही झाली. ही सीबीनॅट आणि ट्रूनॅट यंत्रेसुद्धा त्या कामाला जुंपली गेली. शेजारच्या मालेगावची काय अवस्था होती ते आपण पाहिले. त्या दिवसांत पॉझिटिव्ह लोकांच्या नावांच्या याद्या व्हॉट्सअॅपवर फिरल्या. यादी कोणी फोडली हे कोणालाच कळले नाही, पण ज्यांची नावे होती त्यांना दूधवाल्याने दूध घालणे बंद केले, हे मी माझ्या गल्लीत पाहिले. निकाल विजेच्या वेगाने गेला, पण तो जावयास हवा होता तिकडेच गेला असे नाही. ज्या लोकांनी हे सोसले त्यांना आपण आता म्हणतो, "तुमचा खरा नंबर द्या, माहिती गुप्त राहील." त्यांनी कशावरून विश्वास ठेवावा? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदाही झाला. कायदा हवाच होता. परंतु दवाखान्याच्या खिडकीवर "अमुक तमुक, टी.बी. पॉझिटिव्ह, पुढे या" असे ओरडणाऱ्या माणसापर्यंत तो अजून पोचलेला मी पाहिला नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी याचेच दुसरे रूप आहे. तेथे भिल्ल, पावरा, तडवी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग आढळतो. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली, सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ चे उद्दिष्ट. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन पाड्यावरच तपासणी होते. पण पुष्कळ पाड्यांवर मोबाईलची रेंज नाही. आरोग्य कर्मचारी दिवसभर कागदावर लिहून घेतात, संध्याकाळी फाट्यावर येऊन रेंजमध्ये उभे राहतात आणि अंधारात नावे भरतात. थकलेल्या बोटांनी भरलेल्या त्या नावांत काय काय होत असेल, ते मी आताच सांगितले. आणि तेथे तर निकालाचा संबंध थेट लग्नाशी. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला मुलाला रोग होण्याचा संभव चारात एक. हे नीट समजावून सांगितले तर घराला उपयोगी आहे, आणि नुसते मेसेजने टाकले तर मुलीच्या नावाला लागलेला डाग.

कोणी म्हणेल, ही आपल्याच मागासलेपणाची कहाणी आहे. तसे नाही. दक्षिण आफ्रिकेने २०११ पासून जीनएक्सपर्ट यंत्रे देशभर बसविली, आपल्याआधी आणि आपल्याहून झपाट्याने. २०१५ मध्ये तेथील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांची तपासणी नव्या यंत्राने झाली आणि ज्यांची जुन्या सूक्ष्मदर्शकाने, त्यांच्यातील सहा महिन्यांतले मृत्यू ताडून पाहिले, तर गणिताने धरावा असा फरक निघाला नाही. यंत्र निःसंशय चांगले होते. पण निकालानंतर रोगी औषधापर्यंत पोचण्याची वाट पूर्वीइतकीच गळकी राहिली होती. तो अहवाल वाचून मला आमच्या त्या धुळ्याच्या मुलीची आठवण झाली.

म्हणून यंत्रे नकोत असे मी म्हणत नाही. कोणी तसा अर्थ काढील तर तो माझ्यावर अन्याय होईल. डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५ या शंभर दिवसांच्या मोहिमेत हातात धरून नेण्याची एक्स-रे यंत्रे गल्लोगल्ली गेली आणि छातीचे चित्र संगणक वाचू लागला, हेही मी पाहिले. ज्याला खोकलाही नव्हता अशा माणसाच्या छातीतला डाग त्याने दाखविला. पूर्वी असा माणूस आम्हाला सापडलाच नसता. देशाने क्षय संपविण्यासाठी २०२५ हे साल धरले होते, ते येऊन गेले आणि क्षय आहे. यंत्रे नसती तर परिस्थिती याहून वाईट असती, एवढे मी खात्रीने म्हणतो.

पण या सभागृहात मागच्या बाजूला ज्या मुली बसल्या आहेत, त्यांच्याशी मला दोन शब्द बोलायचे आहेत. तुमच्यापैकी काही प्रयोगशाळेच्या पदविकेला जाल, काही नर्सिंगला, काही फार्मसीला, काही संगणकाच्या कोर्सला. उद्या त्या खिडकीच्या आत तुम्ही बसलेल्या असाल. 'शेख सलीम शेख गणी' यात बापाचे नाव कोणते हे तुम्हाला कोणी शिकवावे लागणार नाही. 'बी' आणि 'बानो' एकच बाई असू शकते हे तुम्हाला जन्मतः ठाऊक आहे. ही विद्या पुण्या-मुंबईहून सॉफ्टवेअर धाडणाऱ्याजवळ नाही. उर्दू, मराठी आणि रोमन या तिन्ही लिप्या एका हाताने लिहिणारी मुलगी त्या खुर्चीवर बसली तर शेकडो माणसे हरवायची वाचतील. आपल्या शाळेत शुद्धलेखनाचे गुण कापले की पालक तक्रार घेऊन येतात असे मुख्याध्यापक मघाशी म्हणाले. त्यांनी खुशाल कापावेत.

खिडकीत बसाल तेव्हा नाव मोठ्याने वाचू नका. आधार कार्ड मागा, ते नसेल तर बँकेचे पासबुक मागा, आणि त्यावर जसे आहे तसेच अक्षर न् अक्षर उतरवा. तुम्हाला चुकीचे वाटले तरी सुधारू नका. मग हळूच विचारा, "आपा, हा फोन कोणाजवळ असतो? मेसेज आला तर चालेल का, की आशाताईंना घरी पाठवू?" फॉर्मवर या प्रश्नाला चौकट नाही. उत्तर समासात पेन्सिलीने लिहून ठेवा. मी नोकरीची शेवटची काही वर्षे तसेच केले. वरिष्ठ एकदा रागावले की, नोंदवही घाण केली. पण त्या पेन्सिलीच्या खुणांवरून आमच्या आशाताईंनी जितके रोगी गाठले तितके मोबाईलवरून गाठले गेले नाहीत, हे त्यांनी स्वतः मला सांगितले आहे.

आणि संस्थेच्या विश्वस्तांना एक विनंती. मघाशी मी आडोशाबद्दल बोललो. आपल्या शाळेच्या मागच्या बाजूला जे सरकारी केंद्र आहे, तेथे बेडका देण्यासाठी अजून उघड्यावर भिंतीशी उभे राहावे लागते. समोर रिक्षा थांबा आहे. संस्थेजवळ बांधकामातले जुने पत्रे पडून असल्याचे मी येताना पाहिले. केंद्राच्या डॉक्टरांशी मी बोललो आहे, त्यांची हरकत नाही. उन्हाळ्याच्या आत हे झाले तर बरे होईल.

चिटणीससाहेब घड्याळ दाखवीत आहेत.  ज्यांना डबीवरच्या चिठ्ठीचा नमुना पाहायचा असेल त्यांच्यासाठी मी काही प्रती आणल्या आहेत, त्या बाहेरच्या टेबलावर ठेवतो.